सोरायसिस: मलम आणि उजेडाची जोडी कशी जमली?

सोरायसिसमध्ये कोपरांवर, गुडघ्यांवर, कमरेवर किंवा डोक्यात केसांच्या कडेने लालसर, जाड चट्टे येतात आणि त्यांवरून चांदीसारखे पांढरे पापुद्रे सुटतात. निरोगी कातडीतील पेशी तळाशी तयार होते, हळूहळू वर सरकते आणि साधारण चार आठवड्यांनी गळून पडते. सोरायसिसमध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणा चुकून कातडीलाच चेतवते आणि हा सगळा प्रवास तीन ते पाच दिवसांत उरकतो. कच्च्या पेशींचा थरावर थर साचतो, तोच चट्टा. यात जंतू नसतो. त्यामुळे हा आजार शिवल्याने, एका ताटात जेवल्याने किंवा एका अंथरुणावर झोपल्याने दुसऱ्याला होत नाही.

हा आजार कायमचा घालवणारे औषध अजून मिळालेले नाही, पण तो काबूत ठेवणारे उपचार बरेच आहेत. त्यांतला एक जुना आणि आजही उपयोगी उपचार म्हणजे वरून लावायचे औषध आणि प्रकाश यांची जोडी. ‘मलम लावा आणि थोडे ऊन घ्या’ असे सांगितले की काही रुग्णांना वाटते, डॉक्टरांनी घरगुती काहीतरी सांगून बोळवण केली. पण त्या एका ओळीमागे शंभरहून अधिक वर्षांची खटपट आहे, आणि तिच्यात गोवा आहे, मुंबई आहे, आपल्या बांधावरची बावचीही आहे. ती गोष्ट समजली की मलम किती लावायचे आणि ऊन किती घ्यायचे याला एवढे महत्त्व का, हेही समजते.

आधी नावाचा घोळ

उपचार सापडण्याआधी आजार ओळखता यावा लागतो. सोरायसिसच्या बाबतीत तिथेच शेकडो वर्षे गेली. जुन्या ग्रीक वैद्यांनी खपल्या सुटणाऱ्या अनेक आजारांना ‘लेप्रा’ म्हटले. पुढे तेच नाव महारोगालाही चिकटले. मध्ययुगीन युरोपात महारोगी म्हणून गावाबाहेर काढलेल्या माणसांत सोरायसिसचेही रुग्ण असावेत, असे वैद्यकाच्या इतिहासकारांना वाटते. आपल्याकडेही जुन्या ग्रंथांत ‘कुष्ठ’ हे एकाच आजाराचे नाव नाही. चरकसंहितेत कुष्ठाचे अठरा प्रकार सांगितले आहेत. त्यांतील एककुष्ठ आणि किटिभ यांची वर्णने सोरायसिसशी जुळतात, असे आयुर्वेदाचे अनेक अभ्यासक मानतात. बोलण्यात मात्र कुष्ठ म्हणजे महारोग एवढाच अर्थ उरला.

लंडनचे डॉ. रॉबर्ट विलन यांनी 19व्या शतकाच्या सुरुवातीला त्वचारोगांची नीट वर्गवारी केली. सोरायसिसचे वर्णनही त्यांनी बारकाईने केले, पण ‘लेप्रा’ हे नाव त्यांनाही सोडवले नाही. 1841 मध्ये व्हिएन्नाचे डॉ. फर्डिनांड फॉन हेब्रा यांनी सोरायसिस आणि महारोग हे दोन वेगळे आजार आहेत असे स्पष्ट मांडले. 1873 मध्ये नॉर्वेच्या डॉ. हॅन्सन यांना महारोगाचा जंतू दिसला आणि शंकेला जागा उरली नाही.

पुस्तकातला घोळ असा सुटला. गावातला अजून पुरता सुटलेला नाही. आमच्या वऱ्हाडात चट्टे दाखवताना रुग्ण आधी दबक्या आवाजात विचारतो, “डॉक्टरसाहेब, हा महारोग तं नाही ना?” या भीतीला कारण आहे. डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी 1946 साली अमरावतीला तपोवन उभे केले, ते घरादाराने टाकलेल्या महारोग्यांसाठी. त्या काळी हे निदान झाले म्हणजे माणसाचे गाव सुटत असे. आज महारोगही 6 ते 12 महिन्यांच्या मोफत औषधांनी बरा होतो, म्हणजे त्या रुग्णालाही दूर लोटण्याचे कारण राहिलेले नाही. फरक एवढा लक्षात ठेवावा: महारोगाचा डाग बहुतेक वेळा बधिर असतो, सोरायसिसच्या चट्ट्याला स्पर्श आणि टोचणी नेहमीसारखी कळते. शंका असेल तर दाखवून घ्यावे, लपवून ठेवू नये.

गोव्याच्या नावाची पूड

आता औषधाकडे येऊ. 19व्या शतकात मुंबईच्या बाजारात ‘गोवा पावडर’ नावाची पिवळसर तपकिरी पूड मिळत असे. गजकर्णावर ती गुणकारी म्हणून प्रसिद्ध होती. ती गोव्याहून येई म्हणून तिला गोव्याचे नाव पडले, पण ती कशाची करतात हे कोणाला नीट ठाऊक नव्हते. 1864 साली मुंबईतील औषधविक्रेते केम्प यांनी तिची माहिती लंडनच्या औषधशास्त्राच्या नियतकालिकात दिली. आणखी दहा वर्षांनी ब्राझीलमधील बाहियाचे डॉ. दा सिल्वा लिमा यांनी कोडे सोडवले. त्यांच्याकडे ‘अरारोबा’ नावाच्या मोठ्या झाडाच्या खोडातील पोकळ्यांत हीच पूड साचते आणि तिथले लोक ती कातडीच्या आजारांवर वापरतात, असे त्यांनी दाखवून दिले. ब्राझील आणि गोवा या दोन्ही ठिकाणी पोर्तुगीज होते. त्यांच्या जहाजांतून पूड गोव्यात आली आणि गोव्यातून मुंबईत.

सोरायसिसशी तिची गाठ पडली ती चुकीच्या निदानातून. गजकर्ण समजून ही पूड सोरायसिसच्या चट्ट्यांवर लावली गेली आणि चट्टे मावळले. लंडनचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. बाल्मानो स्क्वायर यांनी 1876 मध्ये हे जगासमोर आणले आणि 1878 मध्ये त्यावर पुस्तकच लिहिले. त्याच सुमारास जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी पुडीतला मुख्य अंश वेगळा करून त्याला ‘क्रायसारोबिन’ हे नाव दिले.

औषध चांगले होते, पण कडक. चट्ट्याच्या बाहेर लागले तर चांगली कातडी जळल्यासारखी होई. डोळ्यांत गेले तर डोळे सुजत. कपड्यांवर आणि अंगावर जांभळट तपकिरी डाग पडत, ते निघता निघत नसत. पहिल्या महायुद्धात ब्राझीलचा माल जर्मनीत येणे बंद झाले, तेव्हा तिथल्या रसायनशास्त्रज्ञांनी त्याच जातीचे औषध कारखान्यात तयार केले. 1916 मध्ये डॉ. गालेव्स्की आणि डॉ. उन्ना यांनी ते वापरात आणले. आज त्याला आपण डायथ्रानॉल म्हणतो. म्हणजे सोरायसिसवरच्या सगळ्यात नावाजलेल्या मलमांपैकी एकाचा उगम गोवा पावडरीत आहे.

उजेड औषध ठरतो

औषधाचा हा प्रवास चालू असताना उजेडाचा वेगळाच चालला होता. उन्हाळ्यात सोरायसिस बसतो आणि थंडीत उसळतो, हे रुग्णांनी पूर्वीपासून पाहिलेले होते. पण उन्हातला नेमका कोणता भाग काम करतो?

डेन्मार्कचे डॉ. नील्स फिन्सन स्वतः दीर्घ आजारी होते. उन्हात बसले की बरे वाटते या अनुभवावरून त्यांनी प्रकाशाचा अभ्यास सुरू केला. कातडीवर खरा परिणाम उन्हाच्या उष्णतेचा नसून प्रकाशातील जांभळ्या टोकाकडच्या आणि त्यापलीकडच्या न दिसणाऱ्या किरणांचा असतो, हे त्यांनी हेरले. उष्णता गाळून उरलेले किरण वापरून त्यांनी चेहऱ्यावरच्या क्षयरोगाचे रुग्ण बरे केले. 1903 मध्ये त्यांना वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढच्याच वर्षी ते वारले.

फिन्सन यांनी ज्यावर उपचार केले तो आजार क्षयाचा होता, सोरायसिसचा नाही. पण त्यांच्या कामामुळे दिवा हे औषध ठरू शकते, त्याची मात्रा मोजता येते, हा विश्वास आला.

दोन्हींची गाठ

अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे डॉ. विल्यम गोकरमन यांनी 1925 मध्ये या दोन वाटा जोडल्या. दगडी कोळशापासून निघणारे कच्चे डांबर कातडीच्या आजारांवर आधीपासून लावत असत. गोकरमन यांनी ते सोरायसिसच्या चट्ट्यांवर लावले, नंतर पुसून घेतले आणि पाऱ्याच्या दिव्यातील अतिनील किरण चट्ट्यांवर सोडले. रोज असे करत राहिल्यावर काही आठवड्यांत अंग स्वच्छ होई आणि बऱ्याच रुग्णांना पुढे कित्येक महिने त्रास होत नसे.

1953 मध्ये इंग्लंडमधील लीड्सचे डॉ. जॉन इंग्रम यांनी आपली पद्धत मांडली. रोज डांबर मिसळलेल्या कोमट पाण्यात आंघोळ, नंतर अतिनील किरण आणि शेवटी फक्त चट्ट्यांवर डायथ्रानॉलचा घट्ट लेप. गोवा पावडरीच्या वारसदाराला अशी उजेडाची सोबत मिळाली. डायथ्रानॉल अगदी थोड्यापासून सुरू करायचे आणि कातडी सोसते तसे वाढवायचे, हा या पद्धतीचा गाभा होता.

या उपचारात डांबर तरी काय करत होते? कातडीला किरणांबाबत अधिक संवेदनशील करणे हा त्याचा एक गुण. दुसरा खुलासा अगदी साधा आहे. चट्ट्यावरचे कोरडे पापुद्रे आरशासारखे किरण परतवतात. तेलकट थर लागला की पापुद्र्यांमधल्या फटी भरतात आणि किरण आत शिरतात. म्हणूनच आजही किरणोपचाराआधी तेलाचा पातळ हात फिरवायला सांगतात. मात्र जाड मलमाचा थर उलट किरण अडवतो. सॅलिसिलिक ॲसिड असलेले मलमही किरण शोषून घेते, म्हणून ते उपचारानंतर लावायचे. सोरायसिससाठी वापरतात ते कॅल्सिपोट्रिऑल किरणांनी निकामी होऊ शकते, तेही नंतरच. एकाच मलमाचा उपयोग आधी लावले की नंतर, यावर असा बदलतो.

बावचीचे बी

दुसरी जोडी आपल्या देशात फार पूर्वीच जमली होती, पण ती कोडासाठी. चरकसंहितेत श्वित्रावर, म्हणजे पांढऱ्या डागांवर, काकोदुंबराचा रस गुळासोबत घेऊन शक्तीप्रमाणे ऊन घ्यावे असे सांगितले आहे. त्यानंतर डागांवर फोड येतात, याचाही तिथे उल्लेख आहे. काकोदुंबर हे उंबराच्या कुळातले झाड. बावचीचे बीही त्याच कामासाठी वैद्य वापरत आले.

1933 मध्ये जोइस, मंजुनाथ आणि वेंकटराव या भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी बावचीच्या बियांतून ‘सोरालेन’ हा पदार्थ शुद्ध स्वरूपात वेगळा केला. 1940च्या दशकात इजिप्तचे डॉ. एल् मोफ्ती यांनी नाईलकाठच्या एका वनस्पतीतील याच कुळातले औषध आणि ऊन कोडावर वापरले. सोरालेनचा स्वभाव असा की अंधारात ते जवळपास गप्प असते. यूव्हीए नावाचे किरण पडले की ते पेशीच्या गुणसूत्रांतील धाग्यांना घट्ट धरते आणि पेशीचे भराभर विभाजन थांबते. कोडात त्याचा उपयोग रंग परत आणायला होतो, सोरायसिसमध्ये पेशींची घाई थांबवायला.

1974 मध्ये अमेरिकेतील पॅरिश, फिट्झपॅट्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोरालेनची गोळी आणि यूव्हीए दिवे वापरून तीव्र सोरायसिसचे रुग्ण बरे झाल्याचे प्रसिद्ध केले. या चमूत मूळचे भारतीय शास्त्रज्ञ मधू पाठक होते. या उपचाराला ‘पुवा’ म्हणतात. दिव्यांऐवजी उन्हाचा वापर केला की तो ‘पुवासोल’. सोरालेन नुसते चट्ट्यांवर लावूनही हा उपचार करता येतो. भारतात जिथे यंत्र नव्हते, तिथे पुवासोलने पुष्कळ रुग्ण सांभाळले.

पण इथेही मोजमापाने धडा दिला. पुवा घेतलेल्या रुग्णांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवले, तेव्हा पुष्कळ वेळा उपचार घेतलेल्या गोऱ्या कातडीच्या रुग्णांत त्वचेच्या कर्करोगाचे प्रमाण वाढलेले दिसले. आपल्या सावळ्या कातडीला तो धोका बराच कमी असतो, तरी नोंद ठेवावी लागते. गोळी घेतली की डोळेही जपावे लागतात, काळा चष्मा घालावा लागतो.

नेमका उजेड

पुढचे पाऊल औषध कमी करण्याचे होते. 1981 मध्ये पॅरिश आणि येनिके यांनी वेगवेगळ्या लांबीचे किरण चट्ट्यांवर सोडून पाहिले. फार आखूड लांबीच्या किरणांनी कातडी भाजली, पण चट्टा तसाच राहिला. सुमारे 300 ते 313 नॅनोमीटर लांबीचे यूव्हीबी किरण मात्र चट्टा घालवत होते. मग फिलिप्स कंपनीने जवळपास 311 नॅनोमीटरचेच किरण देणारी नळी बनवली. यालाच ‘नॅरोबँड यूव्हीबी’ म्हणतात. आज अनेक त्वचारोगतज्ज्ञांकडे उभे राहायची जी पेटी असते, ती हीच. यात गोळी लागत नाही, गरोदरपणीही ती बऱ्याचदा देता येते आणि मुलांनाही वैद्यकीय देखरेखीत देता येते. आठवड्यातून साधारण 3 वेळा, अडीच-तीन महिने यावे लागते. घरी मलम चालूच असते.

मग आपल्या उन्हाचे काय?

रिद्धपूर, मोर्शी, चांदूर बाजार या भागातून आठवड्यात तीनदा शहर गाठायचे म्हणजे बसभाडे आणि तीन दिवसांची मजुरी. त्यामुळे ‘ऊन तं आमच्याकडे फुकट आहे’ हा रुग्णाचा युक्तिवाद चुकीचा नाही. पण ऊन फुकट असले तरी औषधच आहे, म्हणून ते मोजूनच घ्यायचे.

सोरायसिसच्या चट्ट्यांसाठी पुढील गोष्टी लक्षात ठेवा.

- चट्ट्यांवर थेट ऊन पडले पाहिजे. खिडकीच्या काचेतून यूव्हीबी येत नाही.
- अगदी कोवळ्या उन्हात यूव्हीबी फार कमी असतो आणि मे महिन्याच्या दुपारी तो भाजण्याइतका असतो. शिवाय उष्माघाताचा धोका. उन्हाळ्यात सकाळी साडेनऊ-दहाच्या सुमारास आणि थंडीत दुपारकडे, असा हिशेब बरा.
- सुरुवात 5 मिनिटांपासून करा आणि हळूहळू वाढवा. दुसऱ्या दिवशी कातडी लाल होऊन चुरचुरली तर मात्रा जास्त झाली, थांबा. भाजलेल्या किंवा खरचटलेल्या जागी नवे चट्टे उठतात, हा या आजाराचा स्वभावच आहे.
- चेहरा, ओठ आणि जननेंद्रिये झाकून ठेवा.
- थोड्या रुग्णांचा सोरायसिस उन्हाने वाढतो. त्यांनी ऊन टाळायचे. मेथोट्रेक्सेट किंवा इतर काही गोळ्या चालू असतील तर आधी विचारा.
- बावचीचे तेल, सोरालेनची गोळी किंवा द्रव स्वतःच्या मनाने घेऊन उन्हात जाऊ नका. मोठाले फोड येतात. लिंबाच्या रसात आणि अंजिराच्या चिकातही याच जातीचे पदार्थ असतात. लिंबू चोळून उन्हात बसणे हा उपाय नाही.
- बिब्बा लावू नका. त्याने कातडी जळते आणि सोरायसिस पसरतो.
- कडक स्टेरॉइड मलम दुकानातून आणून महिनोन्‌महिने लावू नका आणि चालू असेल तर एकदम बंदही करू नका. दोन्हींनी आजार उसळतो.

सांधे दुखत-सुजत असतील, चट्टे अंगभर असतील किंवा अंग लालबुंद होऊन थंडी वाजत असेल, तर मलम आणि ऊन पुरणार नाही. लगेच दाखवा.

झाकलेली कातडी

या इतिहासातली मला सगळ्यात बोचणारी गोष्ट अशी: ज्या कातडीला उजेडाने आराम पडतो, तीच कातडी माणूस उजेडापासून लपवतो. भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा सदरा, डोक्याला रुमाल, नदीवर आंघोळ बंद, लग्नात पंगतीला बसणे बंद. मुलीला चट्टे असतील तर घरचे तिला अंगणातही येऊ देत नाहीत. मलमाची नळी मिळते, ऊन मिळते, पण चारचौघांच्या नजरेच्या भीतीने चट्ट्यावर उजेड पडतच नाही.

रिद्धपूर ही महानुभावांची काशी. श्रीगोविंदप्रभू इथेच राहिले आणि अस्पृश्य मानलेल्यांच्या घरी ते सहज जात, असे प्रसंग त्यांच्या लीळांत आहेत. ज्या गावाला ही आठवण आहे, त्याने सोरायसिसच्या रुग्णापासून हात आखडून घेऊ नये. 2014 मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने सोरायसिसवर ठराव केला, त्यातही आजारासोबत येणाऱ्या सामाजिक अवहेलनेचा उल्लेख आहे.

तुमच्या घरात कोणाला सोरायसिस असेल तर त्यांच्यासाठी घराच्या मागच्या अंगणात किंवा गच्चीवर आडोसा करून द्या. पाठीला मलम लावायला त्यांचा हात पोहोचत नाही, ते तुम्ही लावून द्या. हात लावल्याने तुम्हाला काहीही होणार नाही. त्यांना मात्र औषध नीट लागेल, ऊन घ्यायला जागा मिळेल आणि आपल्या घरात आपली किळस कोणी करत नाही, हेही कळेल.